बेसमेंट सजवू इच्छिणाऱ्या गृहस्थांस शास्त्रोक्त मार्गदर्शन

टोरांटो-मिसिसागाकडे घर घेतलेल्या मराठी गृहस्थाला साधारण दुसऱ्या हिवाळ्यात बेसमेंटची बाधा होते. जिन्याखाली फर्नेस आणि उघडं काँक्रीट एवढंच असतं, पण त्याला तिथे होम थिएटर दिसू लागतं. ‘आईबाबा आले की त्यांनाही खोली होईल’ हे वाक्य त्याच्या तोंडी आलं, की बाधा पक्की समजावी.

प्रथम गैरसमज दूर करावा. बेसमेंट बिल्डरने प्रेमाने दिलेलं नाही. तिकडे जमीन सुमारे चार फूट खोल गोठते, म्हणून पाया त्याखाली न्यावाच लागतो. एवढं खणलंच आहे, तर आणखी थोडं खणून खोली काढतात. म्हणजे ही थंडीची देणगी, आणि देणारी अधूनमधून हिशेब विचारायला येते.

अंदाजपत्रकं दोन करावीत. पहिल्यात बार, गालिचा, मोठा टीव्ही. हे पाहुण्यांना वाचून दाखवावं आणि कपाटात ठेवावं. दुसऱ्यात, ज्याचं कौतुक कोणताही पाहुणा करणार नाही, ते सगळं. खर्च या दुसऱ्याप्रमाणे करावा.

त्यात पहिला मान पाण्याचा. जमिनीवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. खालून थेंब धरले, तर दोन्ही अंदाजपत्रकं मिटावीत. भिंतीला लोणा लागला असेल, तर त्यावर रंग फासणं हे पुण्यकर्म नव्हे. आधी बाहेर जाऊन पन्हळीचं पाणी भिंतीपासून दूर सोडावं. याला फारसा खर्च नाही, म्हणूनच कोणी करत नाही.

८ जुलै २०१३ रोजी टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर १२६ मिलिमीटर पाऊस पडला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झेललेला मुंबईकर यावर हसेल. पण मुंबईत पाणी दारातून येतं. टोरांटोत ते गटारातून, बेसमेंटच्या मोरीच्या तोंडाने येतं. ते अडवणारी झडप बसवावी. टोरांटो महापालिका तिला अनुदान देते. अनुदान म्हटल्यावर मराठी माणूस अर्ज तरी करेल, अशी आशा आहे.

मग भिंती. खोलीतली उबदार, दमट हवा गार काँक्रीटला लागली की ताकाच्या थंड पेल्याला सुटतं तसं पाणी सुटतं, आणि ड्रायवॉलच्या पाठीमागे बुरशीचा संसार सुरू होतो. म्हणून आधी काँक्रीटला चिकटून फोमचे तक्ते, सांधे बंद, आणि त्यापुढे लाकडी चौकट. आपल्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्याही या हिशेबात धराव्यात.

झोपायची खोली करणार असाल, तर आत झोपलेल्याला आगीत बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते: किमान ०.३५ चौरस मीटर मोकळी जागा, आणि कोणतीही बाजू ३८ सेंटिमीटरपेक्षा कमी नको. सासऱ्यांचं पोट मोजण्याचा अवघड प्रसंग सरकारने असा टाळला आहे. पायाची भिंत कापून खिडकी मोठी करण्याचा आकडा मात्र बसून ऐकावा.

कॉन्ट्रॅक्टर ‘रोख दिलेत तर टॅक्स नको’ म्हणाला, की मन मोहरतं. ऑन्टारिओत १३ टक्के वाचतात खरे. त्यांच्याबरोबर पावती आणि हमी जाते, आणि पहिल्या गळतीनंतर त्याचा फोनही लागत नाही. परमिटचं तो काही बोलत नसेल, तर आपण बोलावं. एकूण रकमेवर १५-२० टक्के आकस्मिक खर्चाचे धरावेत आणि ते घरात कोणाला सांगू नयेत, नाहीतर त्यांचा सोफा होतो.

शेवटी रेडॉन. जमिनीतून घरात शिरणाऱ्या या वायूला रंग नाही, वास नाही; फुप्फुसाच्या कर्करोगाशी मात्र त्याचं नातं सिद्ध आहे. कॅनडात घनमीटरला २०० बेकरेल ही मर्यादा. तो बाहेर काढणारी नळी फरशी घालण्याआधी बसवली तर स्वस्तात होते. मोजणी किमान तीन महिने, तीही थंडीत, दारं-खिडक्या बंद असताना करायची असते. तेव्हा नोव्हेंबर लागला की मोजायला ठेवा, आणि आकडा हाती येईपर्यंत गालिच्याच्या दुकानात पाऊल टाकू नका.