नानांचं मत

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक असली की जयपूरच्या तिलक नगरात एका घरात पहाटे साडेपाचला दिवा लागतो. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असतात आणि पूर्वेकडच्या काही राज्यांतलं मतदान संपत असतं. नाना आंघोळ-संध्या उरकून, मरून रंगाची माकडटोपी कानांवर ओढून टीव्हीसमोर बसलेले असतात. मांडीवर वही. वहीत पन्नास राज्यं आणि एक राजधानी, प्रत्येकापुढे इलेक्टोरल मतांचा आकडा, शेवटी बेरीज ५३८, आणि २७० वर लाल पेन्सिलीने गोल. नाना केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले. टीव्हीवाल्यांच्या बेरजेवर त्यांचा विश्वास नाही.

६ नोव्हेंबर २०२४ ला मी सकाळी पेपर मागायला गेलो आणि अडकलो.

"बस. बोलू नकोस. जॉर्जिया चाललंय," नाना म्हणाले. एखाद्याच्या घरी पूजा चालू असावी तसा मी गप्प बसलो. दिवाळी नुकतीच सरली होती. नानांच्या पत्नी माईंनी डब्याच्या तळाशी उरलेला चिवडा आणून ठेवला. त्यात पोहे कमी आणि मीठ-मोहरी जास्त होती. दुपारी चारच्या सुमाराला आकडा २७० च्या पुढे गेला. नानांनी वही मिटली, उरलेले पाच बेसनाचे लाडू ताटलीत घेतले आणि फाटकाबाहेर आले. पहिला लाडू भाजीच्या ठेलेवाल्याला.

"बाबूजी, बेटा जीत गया क्या?"

"अपना आदमी जीता है."

लाडू तोंडात टाकून तो म्हणाला, "कौनसे वार्ड से?"

गंमत म्हणजे नानांच्या घरात अमेरिकेचं एकही मत नाही. मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो, एच-वन-बी व्हिसावर. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहून त्याला अकरा वर्षं झाली. सून त्याच रांगेत, त्याच्या मागे. नाना-माईंच्या पासपोर्टावर दहा वर्षांचा पाहुण्यांचा व्हिसा. म्हणजे मत कोणालाच नाही. मतं मात्र नानांना इतकी आहेत की त्यातली निम्मी वाटली तरी वायोमिंग भरून निघेल.

असे नाना आता गावोगाव आहेत. कोथरूडला आहेत, डोंबिवलीला आहेत, इंदूर-नागपूरला तर गल्लीला एक. मुलगा तिकडे गेला की वर्ष-दोन वर्षांत बापाला तिकडचा पक्ष फुटतो, तान्ह्या मुलाला दात फुटावा तसा. आधी थोडा ताप येतो, मग चिडचिड, मग जे दिसेल ते चावायची सवय. बापाचा पक्ष बहुधा जुन्या वळणाचा असतो आणि मुलगा बहुधा दुसऱ्या बाजूचा निघतो. त्यामुळे रविवारच्या व्हिडिओ कॉलवर पहिली पाच मिनिटं तब्येत, दुसरी पाच मिनिटं हवामान, आणि अकराव्या मिनिटाला माई फोन आपल्या हातात घेतात.

पण आमच्या नानांचं वळण अमेरिकेहून आलेलं नाही. ते फार जुनं आहे. १९७४ साली ते ग्वाल्हेरहून बदली होऊन इथे आले आणि पुढे तिलक नगरात घर बांधलं. इथले सगळे 'तिलक' म्हणतात. नाना आजही रिक्षावाल्याला ठणकावून 'टिळक नगर' सांगतात आणि रिक्षावाला त्यांना न चुकता विचारतो, "वो कहाँ पड़ेगा?" नानांचं म्हणणं, अमेरिकेतले जुन्या वळणाचे लोक आज जे बोलतात ते टिळक आधीच बोलून गेले. १८९१ साली संमतिवयाचं विधेयक आलं तेव्हा टिळकांचा मुद्दा काय होता? सुधारणा लोकांनी आपल्या आपण करावी, सरकारने ती कायद्याने घरात घुसवू नये.

हे वाक्य संपायच्या आत स्वयंपाकघरातून उत्तर येतं. माई शाळेत इतिहास शिकवायच्या आणि त्या घरात सुधारक आगरकरांचा पक्ष चालवतात.

"अहो, त्या कायद्याने मुलीचं वय दहाचं बारा झालं. बारा! तेवढंसुद्धा नको होतं तुमच्या टिळकांना. अजून थांबलो असतो तर तुमची नात चौथीत जायच्या ऐवजी सासरी गेली असती."

नाना यावर पेपर उघडतात. सव्वाशे वर्षं हा वाद मिटलेला नाही. तिलक नगरात तो आठवड्यातून दोनदा होतो.

नाना आणि माई एकदा सहा महिने एडिसनला राहून आले. आल्यावर महिनाभर आम्हाला रोज संध्याकाळी अमेरिका ऐकावी लागली. त्यात नायगारा पाच मिनिटांत संपला. नानांना भलत्याच गोष्टी आवडल्या होत्या. घराघरावर राष्ट्रध्वज. तिकडच्या कित्येक गावांची आग विझवायची पथकं पगाराशिवाय काम करणाऱ्या गावकऱ्यांची. शाळेचं मंडळ गावाने मत देऊन निवडायचं आणि शाळेचा बराचसा खर्च गावातल्या घरपट्टीतून निघायचा. बर्फ पडला की आपल्या घरापुढची पायवाट आपण साफ करायची. शेजारच्या म्हातारीची शेजाऱ्याने न सांगता करायची.

"सरकार कुठे दिसतच नाही रे!" नाना म्हणत. "आपण इथे नळाला पाणी नाही आलं तर दिल्लीला शिव्या देतो. तिकडे माणूस आधी स्वतः फावडं उचलतो."

यात खोटं काही नव्हतं. नुसतं सांगून थांबले असते तर नाना नाना कसले? फाल्गुनात आमच्या गल्लीत कडुनिंबाची पानं पडायला लागली तेव्हा ते पहाटे खराटा घेऊन उतरले आणि स्वतःच्या घरापासून कोपऱ्यापर्यंत रस्ता झाडून काढला. चार दिवस झाडला. पाचव्या दिवशी नानांच्या फाटकासमोर तीन घरांचा कचरा पिशव्यांतून व्यवस्थित बांधून ठेवलेला होता. शेजारणीने प्रेमाने सांगितलं, "बाबूजी झाड़ ही रहे थे, तो हमने सोचा..."

नानांनी त्या दिवशीही रस्ता झाडला. पण तोंडाने काही म्हणत होते, आणि ते गीतेतलं नव्हतं.

नानांच्या मतांना एक अवघड जागा आहे. ती दाढेत आहे. सरकारने लोकांना फुकट औषधपाणी पुरवू नये, त्याने माणूस आळशी होतो, असं नानांचं ठाम मत. एडिसनला दुसऱ्याच महिन्यात त्यांची उजवीकडची दाढ ठणकायला लागली. मुलगा दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. रूट कॅनॉल आणि वरची टोपी धरून डॉक्टरने जो आकडा सांगितला त्याला नानांनी मनातल्या मनात रुपयांत गुणलं. हिशेब खात्यातला माणूस. गुणाकार चुकण्याची सोय नव्हती. प्रवासाच्या विम्यात दाढ बसत नव्हती. नाना खुर्चीतून उठले, डॉक्टरला थँक यू म्हणाले आणि पुढचे चार महिने लवंग दाढेखाली धरून अमेरिका पाहिली. न्यू यॉर्कमध्ये स्वातंत्र्यदेवतेसमोर काढलेल्या फोटोत त्यांचा उजवा गाल आत गेलेला दिसतो, तो भक्तिभावाने नाही.

जयपूरला उतरल्यावर तिसऱ्या दिवशी ते केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं, सीजीएचएसचं कार्ड घेऊन दवाखान्यात गेले.

"हे सरकारी नाही का?" मी विचारलं.

"ही माझ्या नोकरीची कमाई आहे. वर्षानुवर्षं दरमहा वर्गणी कापून दिली आहे."

"मग तिकडचे म्हातारेही असंच म्हणतात," माई म्हणाल्या. "पासष्टीनंतर त्यांनाही सरकारी विमा मिळतो. त्याला हात लावा म्हणावं तुमच्या पक्षाला, मग बघा."

इतकंच नाही. सरकारचा खर्च कमी झालाच पाहिजे म्हणणारे नाना जानेवारी आणि जुलै जवळ आले की महागाई भत्ता किती टक्क्यांनी वाढणार याचा अंदाज असा वर्तवतात की पंचांगवाल्यांनी शिकावं.

नानांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस म्हणजे २२ एप्रिल २०२५. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स बायकोमुलांसह जयपुरात होते. आदल्या दिवशी दिल्लीच्या विमानतळावर त्यांची मुलं भारतीय पोशाखात उतरलेली टीव्हीवर दिसली, तेव्हाच नानांचा ऊर भरून आला होता. "बायको मूळची आंध्रची आहे. म्हणजे निम्मं घर आपलंच." आमेरच्या किल्ल्यात सजवलेल्या हत्तिणी स्वागताला उभ्या राहिल्या, दुपारी राजस्थान इंटरनॅशनल सेंटरमध्ये भाषण. मुक्काम रामबाग पॅलेसला, म्हणजे आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. हाक मात्र नानांसारखी खणखणीत हवी.

रामबाग म्हटलं की नानांना गायत्रीदेवी आठवतात. "अरे, जयपूरने १९६२ सालीच दाखवून दिलंय. राजाजींचा स्वतंत्र पक्ष. सरकारने धंद्यात लुडबुड करू नये म्हणणारा. महाराणी त्या पक्षातर्फे १,९२,९०९ मतं घेऊन निवडून आल्या. आणि त्यांची आई कोण? बडोद्याच्या सयाजीरावांची मुलगी. म्हणजे तोही विचार मराठीच!" नानांच्या हिशेबात जगातला प्रत्येक चांगला विचार कुठून तरी वळसा घेऊन मराठीच निघतो.

त्या दिवशी नाना इस्त्रीचा सफारी घालून, हातात पाण्याची बाटली घेऊन सकाळपासून जवाहरलाल नेहरू मार्गाच्या कडेला उभे. ताफा कुठून जाणार ते कोणी सांगत नव्हतं, तेव्हा त्यांनी तर्काने जागा निवडली. ऊन मी म्हणत होतं. एका हवालदाराने त्यांना मागे सरायला सांगितलं.

"भाई, हम दोनों एक विचार के हैं," नाना म्हणाले.

"कौन दोनों?"

"मैं और वो."

हवालदाराने नानांकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं आणि त्यांना हाताला धरून झाडाखाली नेऊन बसवलं. लिंबू सरबतही पाजलं. ताफा भलत्याच रस्त्याने गेला. त्या हवालदाराची तक्रार करायची का, असं मी संध्याकाळी विचारलं तर नाना म्हणाले, "कायदा आणि सुव्यवस्था म्हणजे हेच. चांगला मुलगा होता."

पुढे ऑगस्ट आला. अमेरिकेत भारताच्या बऱ्याचशा मालावर पन्नास टक्के कर बसला. नानांबरोबर सकाळी सेंट्रल पार्कात फिरणारे जौहरी बाजारातले एक रत्नांचे व्यापारी आठवडाभर उलट्या दिशेने फिरायला लागले. नानांनी ते सोसलं. देशाने आपला धंदा जपला तर त्यात चूक काय, असं ते एकट्यानेच फिरताना स्वतःला सांगत असत.

आणि मग २० सप्टेंबर २०२५, शनिवार. मुलगा दहा दिवसांच्या रजेवर आला होता. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या. आजी गेल्यानंतर पहिल्यांदाच त्याच्या हातून काही घडणार होतं, म्हणून माईंनी खिरीचं दूधही सांगून ठेवलं होतं. सकाळी बातमी आली: एच-वन-बीसाठी आता एक लाख डॉलर, रविवारपासून लागू. कोणाला लागू, नव्यांना की जुन्यांनाही, ते धड कळेना. कंपनीचा निरोप आला: असाल तसे परत या. मुलगा एका हाताने बॅग भरत होता, दुसऱ्या हाताने तिकीट शोधत होता. विमानाचं भाडं तासातासाला चढत होतं.

नाना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसले होते. टीव्ही बंद. वही मिटलेली.

माई दारात उभ्या राहिल्या. त्यांना बोलायला जागा होती. सव्वाशे वर्षांत आगरकरांना अशी संधी मिळाली नव्हती. पण त्या काही बोलल्या नाहीत. पाण्याचा तांब्या आणून त्यांच्याजवळ ठेवला आणि आत जाऊन पोराच्या बॅगेत मेतकुटाचा डबा कोंबला.

बऱ्याच वेळाने नाना म्हणाले, "देशाने आपलं दार राखलंच पाहिजे. विचार बरोबर आहे." मग घसा साफ केला. "फी जास्त आहे."

रात्र सगळ्यांनी बसून काढली. पहाटेकडे खुलासा आला की फी फक्त नव्या अर्जांना; ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना नाही. बॅग उघडली. दुपारी खीर झाली, कावळाही लवकर शिवला. नानांनी जेवताना मुलाला स्वतः वाढलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "तुझं काय मत आहे रे, या सगळ्यावर?" मुलगा एवढा चमकला की त्याला काही सुचेना. "खीर छान झाली आहे," असं म्हणाला. तेवढ्यावर दोन्ही पक्षांचं एकमत झालं.

मला विचाराल तर नानांना अमेरिकेतलं राजकारण फारसं कळत नाही, आणि त्यांना ते नकोच आहे. त्यांना एक भीती आहे: आपण ज्या शिस्तीने जगलो ती आता कोणालाच नको झाली आहे. दूर कुठेतरी कोणीतरी मोठा माणूस 'घर, देव, देश, कष्ट' असं म्हणाला की त्यांना तो नातेवाईक वाटतो. तो नातेवाईक दाढेच्या वेळी उपयोगी पडत नाही, फीच्या वेळी ओळख दाखवत नाही. नातेवाइकांचं असंच असतं. तरी शुभकार्याला आपण त्यांनाच पहिली अक्षत पाठवतो.

घरात अमेरिकेचं एक मत मात्र येऊ घातलं आहे. नात तिकडे जन्मली, म्हणजे ती तिकडची नागरिक. आता नऊ वर्षांची आहे. अध्यक्षाच्या निवडणुकीत ती पहिल्यांदा मत देईल २०३६ साली. परवा फोनवर नानांनी तिला विचारलं, "मत कोणाला देणार गं?" ती म्हणाली, "आजोबा, ते सिक्रेट असतं." नाना हे वाक्य हल्ली सगळ्या तिलक नगराला ऐकवतात.

२०३६ साली नाना ८७ वर्षांचे असतील. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऐंशी पुरी झालेल्यांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. नानांनी वहीच्या शेवटच्या पानावर तसं लिहून ठेवलं आहे: दाखला ऑक्टोबरात, निकाल ४ नोव्हेंबरनंतर.