थंडीची तयारी आणि डिसेंबरचं ऊन

डिसेंबरात हातकणंगले तालुक्यात दोन हंगाम ऐन भरात येतात, एक साखर कारखान्यांचा आणि दुसरा जॅकेटांचा. कारखान्याला चालायला निदान ऊस लागतो. जॅकेटाला थंडी लागतेच असं नाही. रविवारचा बेत आळत्याच्या रामलिंग डोंगराचा, कुंभोजच्या बाहुबलीचा किंवा फार तर जोतिबा-पन्हाळ्याचा असतो. पण शनिवारी रात्री सामानाची मांडामांड अशी चालते, की शेजाऱ्यांना वाटावं, स्वारी एव्हरेस्टला निघाली. थर्मल, लोकरी हातमोजे, कानटोपी, वर मफलर, थर्मास, कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आणि त्या बॅटऱ्यांना ऊब मिळावी म्हणून त्यांच्यासाठी वेगळे पायमोजे. तयारीला माझी हरकत नाही, तिच्या दिशेला आहे. ही सगळी सिद्धता थंडीविरुद्ध असते आणि आपल्या डोंगरावर हिवाळ्यात गाठ पडते ती उन्हाशी.

हे उगाच म्हणत नाही. कोल्हापूर परिसरात या दिवसांत पहाटेचं तापमान साधारण चौदा-पंधरा अंशांवर असतं, एखाद्या लाटेत आणखी उतरतं, आणि दुपारी तेच तीसच्या आसपास जाऊन बसतं. म्हणजे ज्या अंगात आपण सकाळी स्वेटर चढवतो, त्याच अंगाला बारा वाजता घामाच्या धारा लागतात आणि स्वेटर कमरेला बांधून उरलेला डोंगर चढावा लागतो. आता गोंधळ कुठे होतो ते पाहा. फोटोग्राफीचे धडे देणारे बहुतेक व्हिडिओ दूर उत्तरेकडचे. तिकडचा माणूस सांगतो, हिवाळ्यात दिवसभर तिरपं, सोनेरी ऊन मिळतं. त्याच्यापुरतं ते खरंच आहे. २१ डिसेंबरला लंडनमध्ये भर माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो आणि पाच फुटी माणसाची सावली साडेअठरा फूट पडते. त्याच दिवशी हातकणंगल्यात सूर्य जवळजवळ ५० अंशांवर असतो आणि त्याच माणसाची सावली सव्वाचार फुटांत आटोपते. लंडनला एवढा वर आलेला सूर्य बघायला एप्रिल उलटत यावा लागतो. आपल्याकडे सोनेरी ऊन उगवतीनंतर जेमतेम अर्धा तास टिकतं. पुढे नऊ-साडेनऊपर्यंत बरं म्हणावं इतपत, आणि मग थेट संध्याकाळपर्यंत पांढरंफटक आभाळ. तेव्हा कानटोपीऐवजी काठाची टोपी, थर्मासऐवजी तीन लिटर पाणी, आणि पाठीवरच्या लोकरीऐवजी भाकरी, खर्डा नि कांदा, असा हिशेब निघतो.

यावर पहिला आक्षेप भूगोलाच्या पुस्तकातून येतो. उंच जावं तसा गारवा वाढतो, दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश. बरोबर. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे, म्हणजे फरक अडीच अंशांचा. तेवढ्यासाठी हातमोजे नकोत, हात खिशात घातले तरी भागतं. आणि हिवाळ्यात वारा पडलेल्या पहाटे तर हा नियमही उलटा होतो. रात्रभर थंड झालेली जड हवा उतारावरून घरंगळत खाली वारणा-पंचगंगेच्या उसाच्या रानात साचते, आणि डोंगराचा उतार त्या मानाने उबदार राहतो. धुकं खाली रानात आणि माथ्यावर लख्ख, हे त्यातलंच. दात वाजतात ते घर ते पायथा या प्रवासात, दुचाकीवर, समोरून वारं घेताना. तर जॅकेट घ्यावं, जरूर घ्यावं, पण ते डोंगराचं नसून मोटारसायकलचं आहे हे ओळखून पायथ्याला डिकीत ठेवावं. चढणीवर ते फक्त घाम गाळायच्या कामाचं. दुचाकीवरची खरी धास्तीही थंडीची नाहीच. अंधारात पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर असतो, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि मोठ्या आवाजात गाणं लावलेलं. गाणं आधी ऐकू येतं म्हणून बरं. त्यामुळे पहाटे चारला निघण्याचा पराक्रम टाळावा. सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. संक्रांतीला दिवस मोठा होऊ लागल्याचं आपण सांगत असलो, तरी उगवती जानेवारीच्या मध्यानंतरही थोडी थोडी पुढेच सरकत असते. झोपणाऱ्यांच्या बाजूने एवढा भक्कम पुरावा पंचांगात दुसरा नाही.

कॅमेऱ्याचंही तेच. लिथियम बॅटरी थंडीत दम सोडते, पण शून्याच्या आसपास आणि त्याखाली. चौदा अंशांत तिला काही होत नाही; उलट आतल्या खिशात ठेवली तर आपल्याच घामात न्हाते. मोठ्या लेन्सची थोरवीही उसाच्या हंगामात आटते. तोडणी झालेल्या फडात पाचट पेटवतात, धूर आणि धूळ सकाळच्या गार थरात अडकून राहते, आणि लांबचा डोंगर दुधात बुडाल्यासारखा दिसतो. मोठ्या झूमने तो डोंगर जवळ येतो, पण धूरही तितकाच जवळ येतो. वर माथ्यावर वाऱ्यात लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरला धूळ वाढून देणं. म्हणून एकच साधी लेन्स न्यावी आणि जवळचं टिपावं: कोळ्याच्या जाळ्यावरचं दव, उतारावरचं वाळलेलं कुसळी गवत. ही कुसळं लोकरीची परम भक्त असतात. मफलर घालून एक उतार उतरा, घरी मफलर येणार नाही, मफलराच्या आकाराचं गवत येईल. आणि सामानाशिवाय फोटो कसा येणार, ही चिंता याच जिल्ह्यात करावी, हे जरा जास्तच. बाबुराव पेंटरांनी इथेच कोल्हापुरात स्वतःच्या हातांनी कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' चित्रपट पडद्यावर आणला. आपली अडचण दुसऱ्या लेन्सवाचून होते.

दुसरा आक्षेप महत्त्वाकांक्षी लोकांचा: हा हिमालयाचा सराव आहे, ओझ्याची सवय नको का? हवी. मग सॅकमध्ये एकेक किलोचे गुळाचे रवे भरावेत. वजन तेवढंच, आणि वाटेत खाऊन कमी करता येतं. थर्मल खाऊन कमी होत नाही. 'असू दे, लागलं तर' हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप मात्र असा खोडता येत नाही, कारण तो युक्तिवाद नसून माया आहे. तिथे मुकाट्याने कानटोपी घ्यावी आणि कोपऱ्यावर वळल्यावर सॅकमध्ये सारावी.

उरला सगळ्यांत प्रामाणिक आक्षेप, जो कोणी मोठ्याने बोलत नाही: जॅकेट फोटोत शोभतं. यापुढे तापमानाचे आकडे लटके पडतात, हे मान्य. पण फोटो तरी सव्वासातला पायथ्याशीच काढून घ्यावा. ऊन तिरपं, चेहरा कोरडा, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत. मग ते डिकीत टाकून चढायला लागावं. खाली 'हाडं गोठवणारी थंडी' असं लिहायलाही कोणाची ना नाही. फक्त पाठीमागच्या फडात अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात उसाची मोळी बांधणारा माणूस चौकटीत येणार नाही, एवढं बघावं.