सकाळी राजवाडा, संध्याकाळी वाइन

पहाटे मुंबई सोडायची, जव्हारचा जयविलास राजवाडा पाहायचा, सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज १६६४ मध्ये जिथे थांबले त्या शिरपामाळावर सेल्फी काढायचा आणि ऊन उतरायच्या आत नाशिकजवळचा द्राक्षमळा गाठायचा. जव्हारच्या मुकणे राजांच्या वाट्याला तासभर, वाइनच्या वाट्याला अख्खी संध्याकाळ.

वाटेत खोडाळा गाव लागतं. तिथे गाडी थांबते ती चहापुरती.

मळ्यात पर्यटक पेला तिरका धरतात, गोल फिरवतात, त्यात नाक खुपसतात आणि मातीचा गंध सापडला म्हणून माना डोलावतात. हीच मंडळी पाड्यावरून मोहाच्या दारूचा वास आला की गाडीची काच वर करतात. कायदाही त्यांच्याच बाजूने आहे म्हणा! द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी राज्याने २००१ मध्ये खास धोरण आणलं. २०१० मध्ये नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकनही मिळालं. मोहफुलं मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कचाट्यात. त्यांच्यावरची बंधनं सैल व्हायला २०२१ उजाडलं, आणि घरी गाळलेली मोहाची दारू आजही गुन्हाच. द्राक्षाची ती संस्कृती, मोहाची ती हातभट्टी!

पाण्याचंही तेच. मध्य वैतरणा धरण याच वाटेवरच्या मोखाडा तालुक्यात, नळ मुंबईत. पर्यटक दोन वाइनच्या मध्ये ज्याने पेला विसळतात तेही पाणीच. तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात त्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते.

जायचंच असेल तर एप्रिलमध्ये जा. मोहाचा हंगाम असतो आणि टँकरही रस्त्यावर दिसतात.