हात गेला हो त्याचा!

डेन्व्हरच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा गडी, पेटन मॅनिंग याचा हात गेला, हे इथल्या मराठी मंडळींना सर्वांत आधी मी सांगितलं. साल २०१५. तो ३९ वर्षांचा होता, मी ४७. आपण आठ वर्षांनी मोठे असलो की दुसऱ्याचं म्हातारपण फार स्वच्छ दिसतं.

अमेरिकन फुटबॉलमधला तुझा अधिकार काय, असं काही नतद्रष्ट विचारत. मी शिवाजी पार्कावर डीप फाइन लेगला उभा राहिलेला माणूस आहे. तिथून माझा चेंडू एका टप्प्यात यष्टिरक्षकाकडे पोचायचा. (यष्टिरक्षक अर्ध्या वाटेपर्यंत चालत यायचा, हा तपशील गौण.)

मॅनिंगची कहाणी तशी मानेपासून सुरू होते. २०११ मध्ये मानेच्या शस्त्रक्रियांनंतर त्याच्या उजव्या हातातली ताकद गेली, बोटांची टोकं बधिर झाली. त्या काळात तो इथे डेन्व्हरलाच, बेसबॉलपटू टॉड हेल्टन या कॉलेजातल्या मित्राबरोबर, गुपचूप सराव करायला आला. पहिलाच पास टाकला तो चार पावलांवर गळून पडला. हेल्टनला वाटलं, गडी चेष्टा करतोय.

त्याच माणसाने २०१३ च्या हंगामात ५५ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, टाकले आणि ५,४७७ यार्ड काढले. दोन्ही विक्रम. सिअ‍ॅटलचा बचावपटू रिचर्ड शेर्मन म्हणाला, याचे पास कधीकधी बदकासारखे डुगडुगत येतात. मॅनिंगने ते हसत मान्य केलं, वर त्या बदकांवर आपण भरपूर टचडाउन कमावलेत हेही ऐकवलं. युक्ती अशी की पळणारा गडी मोकळा व्हायच्या आधीच चेंडू सोडायचा. ताकदीची उणीव वेळेने भरून काढायची. दहा-पंधरा यार्डांत ही उधारी खपते. चाळीस यार्डांच्या पासला मात्र चेंडू हवेत रेंगाळतो आणि तेवढ्यात बचावपटू तिथे हजर.

१५ नोव्हेंबर २०१५ ला कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने ब्रेट फार्व्हचा कारकिर्दीतल्या एकूण यार्डांचा विक्रम मोडला, आणि त्याच सामन्यात त्याला बाहेर बसवलं गेलं. २० पैकी ५ पास, ३५ यार्ड, चार चेंडू थेट शत्रूच्या हातात. मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, ‘म्हणालो नव्हतो?’ कोणीतरी उत्तर दिलं की त्याच्या डाव्या टाचेखालचा तंतुपट्टा फाटला आहे. मी विचारलं, पास काय टाचेने टाकतात?

मग आला थँक्सगिव्हिंग. त्या दिवशी जेवणाआधी अंगणात फुटबॉल खेळायची इथे रीत आहे. माझं प्रवचन रंगात आलेलं असताना चिरंजीव म्हणाले, “बाबा, तूच टाकून दाखव ना.”

“पळ,” मी म्हटलं. “अजून लांब. अजून!” डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच आहे, हवा विरळ, चेंडू इथे लांब जातो, हे शास्त्र माझ्या बाजूने होतं. चेंडू अकरा इंच लांब, चारशे ग्रॅमचा. बोटं त्याच्या शिवणीवर ठेवायची असतात. माझी तिथवर पोचेनात, म्हणून तळव्यावरच तोलला, डावा पाय पुढे टाकला आणि सगळं शिवाजी पार्क खांद्यात एकवटून हात फिरवला.

कट्ट असा आवाज आला. चेंडू सरळ वर गेला, वर जाऊन थोडा विचार केला आणि माझ्या शेजारीच उतरला. मी त्याच्याआधी उतरलो होतो, कारण डावा पाय ओल्या गवतावरून निघून गेला होता. मुलाला वाटलं, बाबाने हूल दिली. तो आणखी पळत राहिला. बायको धावत आली आणि म्हणाली, “चष्मा कुठाय?” लग्नाला वीस वर्षं झाली की काळजीचा क्रम असा लागतो.

फिजिओथेरपीवाल्या मुलीने विचारलं, “कुठला खेळ?”

“फुटबॉल.”

“पोझिशन?”

“क्वार्टरबॅक.”

तिने फॉर्मवरचं वय पुन्हा एकदा वाचलं. मग समजावलं की लांब फेक जमिनीतून निघते. पुढचा पाय घट्ट रोवला जातो, त्यावर कंबर वळते, मग छाती, मग खांदा. हाताचा नंबर शेवटचा. “तुमची कंबर वळलेलीच नाही. सगळं ओझं एकट्या खांद्यावर आलं.” उजव्या हाताने टाकणाऱ्याचा पुढचा पाय म्हणजे डावा. म्हणजे मॅनिंगची ती टाच. ही माहिती मी ग्रुपवर टाकली नाही. सगळंच काही ग्रुपवर टाकायचं नसतं.

७ फेब्रुवारी २०१६ ला डेन्व्हरने सुपर बोल जिंकला, २४-१०. मॅनिंगचे यार्ड अवघे १४१, टचडाउन पास एकही नाही. सामना व्हॉन मिलर आणि बचावफळीने मारला. हे मी मध्यंतरापासून सगळ्यांना बजावत होतो. शेवटी दोन जादा गुणांसाठी मॅनिंगने सहकारी बेनी फाउलरकडे एक छोटासा पास टाकला. त्याच्या कारकिर्दीतला तो शेवटचा. आमच्या बैठकीत एकच जल्लोष झाला, सगळ्यांचे दोन्ही हात वर. माझा डावाच गेला. उजव्याचं मत अजून बदललेलं नाही, असं मी जाहीर केलं.