बोंबील पांढरा दिसतो

विरारच्या फुलपाड्यात राहणाऱ्या माणसाला पाण्याखाली जायला मालवण कशाला लागतं, जुलैत गेटपाशी उभा राहा की, असं ऑफिसात एकजण म्हणाला. असल्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही. मी तर मास्कसुद्धा स्वतःचा विकत घेतला होता. सिलिकॉनची झालर, टफन्ड काच. दहाजणांच्या नाकाला लागलेला भाड्याचा मास्क मी लावायचा म्हणजे काय!

तारकर्लीला बोटीवर ट्रेनर पोरगा म्हणाला, "काका, मास्क नवा आहे ना? काचेवर आतून थुंका आणि बोटाने पसरवा."

"मी?"

हे जरा सविस्तर सांगायला हवं. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, आणि नऊ वर्षांत मी एकच लढाई लढलोय, जिन्यातल्या थुंकीशी. 'येथे थुंकू नये' अशी पाटी लावली, तर पहिली पिंक नेमकी 'नये'वर पडली. मग देवांच्या टाइल्स आणल्या. गणपती, साईबाबा, क्रॉस, मक्का, गुरू नानक. प्रत्येक वळणावर सर्वधर्मसमभाव. लोक दोन धर्मांच्या मधल्या जागेत थुंकू लागले, आणि नेम असा की एकेकाला तिरंदाजीला पाठवावं. विरार लोकलमध्ये पुढच्या खिडकीतल्या माणसाचे गाल फुगले की ते सगळ्यांत आधी मला कळतं, कारण मागच्या खिडकीत मी असतो. रेल्वेच्या हद्दीत थुंकलं तर 500 रुपयांपर्यंत दंड, नियम 2012 चा, हे मी कित्येकांना ऐकवलंय. एकाने ते शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली, उत्तर द्यायला तोंड मोकळं हवं म्हणून थुंकला आणि म्हणाला, "बरोबर आहे तुमचं."

असा मी. आणि मी पैसे भरून थुंकायचं! समुद्राच्या पाण्याने काच विसळली आणि उतरलो. आमची ही मात्र भाड्याच्या मास्कात खुशाल थुंकली.

पहिल्याच मिनिटाला काच दुधी झाली. नव्या काचेवर कारखान्यातूनच सिलिकॉनचा एक पातळ, नजरेला न दिसणारा थर येतो. त्यावर श्वासाची वाफ पसरत नाही, तिचे बारीक बारीक थेंब धरतात आणि त्यांचंच धुकं होतं. थुंकी लावली की थेंब न धरता पाण्याचा सपाट पापुद्रा बनतो आणि आरपार दिसतं. हे ज्ञान मला नंतर झालं. ट्रेनरने बोटांची खूण करून विचारलं, ठीक? मीही खूण केली, एकदम ठीक. पंधरा मिनिटं मी न्हाणीघराच्या खिडकीतून समुद्र पाहिला.

जे पाहिलेलं नसतं त्याबद्दल माणूस आकडे फार सांगतो. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 सालचं, क्षेत्रफळ 29 चौरस किलोमीटर, हे मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे व्हिडिओवरून पाठ केले. ही समोर बसून मटार सोलत होती. एक शब्द बोलली नाही. त्या न बोलण्याचाच मला त्रास झाला.

आईचं मात्र काय करायचं ते कळेना. ती अर्नाळ्याची, तिच्या वडिलांची होडी होती. गुडघ्यांमुळे दोन वर्षं ती तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेली नाही. तिने विचारलं, "बोंबील कसा रे दिसतो पाण्यात?"

मी क्षणभर थांबलो. या बाईने बोंबील टोपल्यांनी निवडले, चिरले, बांबूंवर टांगून वाळवले. उभा जन्म हातात मासा, पण तो पोहताना एकदाही पाहिलेला नाही. होडीवर बायकांना कोण नेत होतं?

"पांढरा," मी म्हणालो. माझ्यापुरतं ते खरंच होतं.

"हां. पांढराच असणार," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

त्या रात्री मास्क काढून बसलो. काचेवरच्या त्या थरावर उपाय साधी पांढरी टूथपेस्ट. तिच्यातल्या खडूची कठिणता मोहस मापावर 3, काचेची साधारण साडेपाच. म्हणजे थर निघतो, काचेला ओरखडा नाही. पण घरात एक पेस्ट निळी पारदर्शक जेल, एक कोळशाची काळी. पांढरी फक्त आईच्या कपाटात. ती चोरली. बोटाने गोल गोल घासत गेलो, कडेच्या खाचेत इअरबड फिरवला, धुतलं, हा करून फुंकर मारली, पुन्हा धुकं. चौथ्या खेपेला काच बोटाखाली करकरली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

सकाळी पाहतो तर काचेवर पांढरे ठिपके! पापडखिंडीचं धरण चालत जाण्याच्या अंतरावर, आणि आम्ही धुतो टँकरच्या पाण्याने. बादल्या, नळ, आरसा, देवाचा तांब्या, सगळ्यांवर हीच रांगोळी. महिन्याला टँकरवर जातात तेवढ्या पैशांत... जाऊ दे, सेक्रेटरी मीच आहे. अर्धं लिंबू चोळलं, पिण्याच्या पाण्याने विसळलं. ठिपके गेले.

"माझी पेस्ट कुणी पिळली?" आतून आवाज आला.

मास्क घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो. तिने तो उलटसुलट करून पाहिला, चष्मा काढला आणि चक्क डोळ्यांवर लावला. मोतीबिंदू काढल्यापासून तिला लांबचं माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. मान वर केली. "पंख्यावर केवढी धूळ आहे रे!" मग तो मास्क माझ्याकडे वळला.

"मालवणच्या खडकात बोंबील कुठून आला तुला? तो आपल्याकडच्या चिखलातला."

"मग विचारलंस कशाला?"

"तू कसं सांगतोस ते बघत होते."

स्वयंपाकघरातून ही हसल्याचा आवाज आला. म्हणजे बातमी तिकडून फुटली होती.

आईने मास्क काढून माझ्या हातात दिला. "पुढच्या वेळी थुंक," ती म्हणाली.