किती सीसी?

माझ्या नावावर आजवर एक सायकल आणि एक स्कूटर एवढीच वाहनं झाली. स्कूटर विकली त्यालाही दहा वर्षं होऊन गेली. तरीही मागच्या भाऊबीजेला बहिणीकडे राजगुरुनगरला गेलो, तेव्हा भाचा चकली मोडता मोडता म्हणाला, "मामा, पिकप घेतोय. किती सीसीची घेऊ ते तुम्ही सांगायचं."

हा मान मला मिळाला, कारण मी भोसरीच्या एमआयडीसीत बत्तीस वर्षं इंजिनाच्या पिस्टन पिना तपासल्या. तपासल्या म्हणजे मायक्रोमीटरमध्ये धरल्या, आकडा वाचला, बरी निघाली तर डावीकडच्या ट्रेमध्ये, नाही तर उजवीकडच्या. त्या पिनेच्या पलीकडचं इंजिन मी फार कमी वेळा उघडं पाहिलं. पण 'मामा इंजिनातले' अशी ख्याती नातेवाइकांत एकदा झाली की ती निवृत्तीनंतरही चालू राहते. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनपेक्षा तिचा भाव जास्तच आहे.

आमच्या पट्ट्यात सीसी हा शब्द तसा जपूनच उच्चारावा लागतो. भोसरीतल्या वर्कशॉपवाल्याला "सीसी किती?" असं विचारलं तर तो बँकेच्या कॅश क्रेडिटचा आकडा सांगतो आणि मग व्याजावर अर्धा तास बोलतो. नगरसेवकाला विचारलं तर सीसी म्हणजे सिमेंट काँक्रीटचा रस्ता. थोडक्यात कर्ज, रस्ता आणि इंजिन, पिकपवाल्याला छळणाऱ्या तिन्ही गोष्टींचं नाव एकच. भाच्याने मला तिसऱ्याबद्दल तेवढं विचारलं, हे त्याचं शहाणपण.

त्याचं काम असं. भोसरीच्या एका कारखान्यातून मशीनिंग झालेले सुटे भाग क्रेटमध्ये भरायचे आणि चाकणच्या कंपनीत पोचवायचे, दिवसाला दोन फेऱ्या. कंपनी महिन्याचा माल एकदम घेत नाही. गोदामात पैसा अडकू नये म्हणून लागेल तेव्हा, लागेल तेवढाच मागवते. परतताना रिकामे क्रेट. शिवाय हंगामात घरचा कांदा चाकणच्या बाजारात.

"एका फेरीला वजन किती?" मी विचारलं.

"सातशे-आठशे किलो. पण मामा, घाटात गाडीला दम लागायला नको."

भोसरी ते चाकण या रस्त्यात इंद्रायणीचा पूल आहे, वजनकाटे आहेत, मिसळीची हॉटेलं आहेत. घाट नाही. चौकशी केल्यावर कळलं की त्याची सासुरवाडी महाडकडची आहे. मे महिन्यात एकदा आंब्याच्या पेट्या आणायच्या असतात, तेव्हा वरंध घाट लागतो. वर्षातला एक दिवस.

मी त्याला हसलो नाही. आमच्याही माळ्यावर पन्नास माणसांच्या भाताचं पातेलं आहे. एका बारशासाठी घेतलं होतं. त्या मुलीची आता दहावी झाली, आणि पातेल्यात जुन्या छत्र्या ठेवलेल्या आहेत.

एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मी हिशोब मांडला. सीसी म्हणजे पिस्टन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना जेवढी पोकळी झाडून काढतो तेवढी, सगळ्या सिलिंडरची मिळून, घन सेंटिमीटरमध्ये. टाटांच्या पहिल्या छोट्या हत्तीचा, म्हणजे टाटा एसचा, सिलिंडर ७५ मिलिमीटर व्यासाचा, पिस्टनची धाव ७९.५ मिलिमीटर. एका सिलिंडरचे झाले साधारण ३५१, दोनांचे ७०२. पाऊण लिटरही नाही, म्हणजे आमच्या देवघरातला तांब्या. महिंद्राच्या बोलेरो पिकपचे २५२३, म्हणजे दूधवाल्याची अडीच लिटरची किटली.

"एवढंच?" बहीण म्हणाली. रस्त्यावर एवढी गुरगुरणारी गाडी आतून किटलीएवढी असते हे तिला पटेना.

त्या तांब्याची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. १९९८ साली पिंपरीच्या टाटांनी इंडिका आणली, तिचं डिझेल इंजिन चार सिलिंडरचं, १४०५ सीसीचं. पुढे तीनचाकी टेम्पोच्या जागी चालेल अशी छोटी, स्वस्त चारचाकी काढायचं ठरलं, तेव्हा गिरीश वाघ यांच्या चमूने त्याच इंजिनाचा अर्धा भाग घेतल्यासारखं केलं. चाराचे दोन, १४०५चे ७०२. इंडिकाच्या इंजिनाचं नाव ४७५ आणि या धाकट्याचं २७५. पहिला आकडा सिलिंडरचा, पुढचे दोन व्यासाचे. ४०७ टेम्पोत बसलेलं ४९७ म्हणजे चार सिलिंडर, व्यास ९७ मिलिमीटर. ही नावं ठेवणारा बहुधा माझ्याच खात्यातला, मोजमापवाला असावा. बारशाला आमची आत्या इतका सरळ विचार कधीच करत नाही.

मे २००५ मध्ये टाटा एस बाजारात आली ती १६ हॉर्सपॉवर आणि पाऊण टन माल भरायचं पासिंग घेऊन. सोळा! कॉलेजातल्या पोरांच्या मोटारसायकलींत आज याहून जास्त ताकद असते. पण गाडी आखण्याआधी ही मंडळी तीनचाकीवाल्यांना भेटत फिरली होती. त्यांतल्या एकाने म्हणे सांगितलं, चारचाकी असली तर गावात माझं लग्न जमायला सोपं जाईल. ही हकिकत पुढे बऱ्याच ठिकाणी छापून आली. मुलगी देणारे सीसी विचारत नाहीत, चाकं मोजतात.

२०१० साली महिंद्रांनी चाकणच्या नव्या कारखान्यातून मॅक्सिमो काढली. तिलाही दोनच सिलिंडर, पण ९०९ सीसी. दोघांतला फरक बरोबर २०७चा, आणि २०७ हे पुन्हा टाटांच्याच एका पिकपचं नाव. यात काही अर्थ नाही, पण बत्तीस वर्षं आकडे वाचलेल्या माणसाला असलं दिसतंच.

भाच्याला या इतिहासात गोडी नव्हती. त्याला एकच आकडा हवा होता. आम्ही मग बाहेर पडलो. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत एक ड्रायव्हर म्हणाला, "मोठंच घ्या. लहान इंजिन सारखं ताणून मरतं." त्याच्या शेजारचा म्हणाला, "लहानच घ्या. मोठं उभ्या उभ्या डिझेल पितं." भोसरीतल्या गॅरेजवाल्या काकांनी तर इंजिनाकडे पाहिलंच नाही. वाकून मागचे पाटे बघितले, टायर बघितले, म्हणाले, "ओढायला सगळेच ओढतात. थांबवणार कोण ते बघा." मला त्यांचं बोलणं आवडलं, पण त्यात सीसी नसल्यामुळे भाच्याने ते नोंदवलं नाही.

खरं म्हणजे सीसीवरून गाडीची ओढ कळत नाही. चाकणच्या जनावरांच्या बाजारात बैल पारखणारी माणसं दात बघतात, खूर बघतात, खांदा चाचपतात, चार पावलं चालवून बघतात. बैलाच्या पोटात पाणी किती मावतं असं कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. सीसी म्हणजे तेच. पोट केवढं ते कळतं. त्या पोटातून चाकापर्यंत जोर किती पोचतो हे टर्बोवर, गिअरवर आणि मागच्या कप्प्यातल्या दात्यांच्या प्रमाणावर ठरतं. टर्बो लावला की त्याच पोटात हवा दाबून भरली जाते, आणि लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. टाटांच्या इंट्रा व्ही३० चं इंजिन १४९६ सीसीचं, पण ताकद ७० हॉर्सपॉवर आणि पासिंग १३०० किलोचं. शिवाय ओझं ओढताना कामाला येतो तो कमी फेऱ्यांतला जोर, ज्याला गाडीवाले टॉर्क म्हणतात. बाकी हॉर्सपॉवर म्हणजे नुसती पळण्याची हौस. पळायला चाकणमध्ये रस्ता कुठे मोकळा आहे?

चाकणला मोठमोठ्यांना अडवून धरायची जुनी सवय आहे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी इथल्या भुईकोटात शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेला पन्नासहून अधिक दिवस झुंजवलं. आता ते काम आंबेठाण चौक आणि तळेगाव चौक करतात. आम्ही तिथे पाऊण तास उभे होतो. आमच्या पुढे बोलेरो, मागे छोटा हत्ती, डावीकडे मोटारींनी भरलेला अजस्र कंटेनर. तांब्या, किटली आणि पिंप, सगळे एकाच वेगाने चालले होते, म्हणजे चालले नव्हते. आमच्याकडे 'पिकअप' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक गाडी आणि दुसरा गाडीची उसळी. त्या चौकात पहिल्याला दुसऱ्याची काडीची गरज नसते.

तिथेच बसल्या बसल्या भाच्याने खरं पोट उघडं केलं. "मामा, मोठी असली की कांदा जास्त बसतो ना." कांद्याची गोणी पन्नास किलोची धरली तर पाऊण टनात पंधरा, १३०० किलोत सव्वीस, आणि बोलेरोच्या १७०० किलोत चौतीस. हा कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात पंधराच्या गाडीत बावीस असतात आणि चौतीसच्या गाडीत पन्नास. मोठा हौदा दिसला की शेजारी आपल्या चार गोण्या आणून ठेवतो, मग त्याचा चुलतभाऊ आठ. लहान गाडीवाला "मावत नाही हो" म्हणून सुटतो. मोठ्या गाडीवाल्याला नाही म्हणायला तोंड राहत नाही. पाटे बसतात, ब्रेक तापतात, वर आरटीओची पावती.

आमच्या खात्यात भोकं तपासायला एक साधं हत्यार असतं, त्याला गो आणि नो-गो गेज म्हणतात. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. नवीन पोरं गो टोक उत्साहाने लावतात. जे जायला नको ते लावून बघायचा त्यांना कंटाळा येतो, आणि खराब माल तिथूनच निसटतो. गाडी घेणारेही असेच. काय काय मावेल हे सगळे विचारतात. मी भाच्याला म्हटलं, "रोजचे आठशे किलो गेलेच पाहिजेत, हे तुझं गो. शेजाऱ्याच्या चुलतभावाच्या आठ गोण्या जाता कामा नयेत, हे तुझं नो-गो. दोन्ही टोकं लावून बघ."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि विजेवरची घेतली तर? तिला किती सीसी?"

शून्य, मी म्हटलं. २०२२ पासून छोटा हत्तीही विजेवर मिळतो. त्यात ना तांब्या, ना किटली, ना पिस्टन, अर्थात पिस्टन पिनही नाही. एवढं बोलल्यावर माझाच आवाज जरा खाली गेला. ही गाडी बत्तीस वर्षं आधी आली असती तर मी काय मोजलं असतं कुणास ठाऊक.

शेवटी त्याने १४९६ सीसीची घेतली. रंग पांढरा, नंबर एमएच-१४चा, पाटी पिवळी. आंबे आणायला ती वरंध घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चढली आणि वाटेत दोनदा चहाला थांबली. बहिणीच्या मते दोन्ही वेळा भाच्यालाच चहा हवा होता. शेजाऱ्याने अजून एकदाही गोण्या आणून ठेवलेल्या नाहीत, मात्र त्याचं बोलणं कमी झालंय.

आता रोज संध्याकाळी चाकणहून भोसरीकडे येताना गाडीत फक्त रिकामे क्रेट असतात. एखादं कपाट, दोन खुर्च्या, शिलाई मशीन सहज बसेल. तुमच्यापैकी कुणाला त्या बाजूने काही आणायचं असेल तर सांगा, भाडं समजून घेऊ. आठशे किलोच्या आत.