पैसे मोठ्याचे, गादी लहानाची

अहो वहिनी, राहू द्या ते कपडे, वाळतील मागनं. जरा कुंपणापाशी या. आमच्या पोरीचा नवा उद्योग कळला का तुम्हाला? हॉटेलांना मार्क देते! दहापैकी. आम्ही खाली बॅगा उतरवून घेतोय तोवर ही खोलीत शिरून तपासणीला लागलेली. नववीतली मुलगी, भूगोलाची वही कोरी करकरीत, आणि फोनमध्ये मात्र कुठल्या खोलीत किती प्लग, त्यातले चालू किती, कडी लागते का, सगळं टिपलेलं.

आता आमच्या ह्यांचं कसं, तुम्हाला ठाऊकच आहे. गाडी लावायला जागा, गरम पाणी, आणि भाडं साडेसात हजारांच्या आत, कारण त्याच्या वर गेलं की जीएसटी एकदम 18 टक्के. एवढं जमलं की हॉटेल उत्तम. मला विचाराल तर चादरी स्वच्छ हव्यात, नि सकाळी कुणीतरी आयता चहा आणून द्यावा. मग भिंतीचा रंग उडालेला असला तरी मला दिसत नाही.

पण पोरीचं म्हणणं असं की फॅमिली रूम नावाची गोष्टच फसवी आहे. आधी मला वाटलं, आली लाडात. मग तिनं बिल पुढं धरलं. म्हणाली, हे बघ आई, 12 वर्षांच्या पुढं म्हणून माझे पैसे मोठ्या माणसाचे लावलेत. आणि मला दिलंय काय? जमिनीवर गादी. तीही दार आणि बाथरूम यांच्या मध्ये. रात्री ज्याला जायचंय तो माझ्या पायावरून जातो.

खोटं नाही हो. मी स्वतः दोनदा तुडवलंय तिला.

बऱ्याच ठिकाणी हाच नियम बरं का. अगदी लहानग्यांना फुकट, बारापर्यंत काहीतरी सवलत, आणि त्यानंतर एक्स्ट्रा पर्सन. पैशाला मोठी, पण वेगळी खोली मागितली तर काउंटरवरचा माणूस म्हणतो, बेबी, मम्मी-पप्पांना विचार. बेबी म्हटलं म्हणून तिथल्या तिथं दोन मार्क गेले त्यांचे.

एका ठिकाणी तर कहर झाला. ठिकाणाचं नाव नाही सांगत. बाथरूमला भिंतीच्या जागी काच! आरपार! नवीन लग्न झालेल्यांसाठी असेल, पण आम्ही सासूबाईंसकट पाच माणसं. हे रिसेप्शनला फोन करून विचारतायत, पडदा कुठाय, तर तो म्हणतो सर, डिझाइनच तसं आहे. शेवटी सासूबाईंनी आपलं नऊवारी काढलं आणि पोरीनं ते वरच्या दांडीला केसांच्या पिनांनी टाचलं. दोन दिवस आमची अब्रू त्या लुगड्यावर. मार्क? शून्य. खाली एकच ओळ, आजीचं लुगडं दहापैकी दहा.

आणि खोलीच्या दाराशी ती कार्ड खोचायची फट असते बघा. कार्ड काढलं की दिवे, पंखा, एसी सगळं बंद. वीज वाचते, ते बरंच आहे. पण आपण जेवायला खाली गेलो की फोन चार्ज होत नाही, हे तिचं दुःख. मग काय केलं असेल? आजीचं एसटीचं सवलतीचं कार्ड त्यात खोचून ठेवलं. साध्या फटीला कुठलंही कार्ड चालतं म्हणे, काही ठिकाणी मात्र चावीचंच लागतं. सासूबाई परतीला सगळ्या पिशव्या उपशीत बसल्या, कार्ड कुठं गेलं म्हणून.

सासूबाई आणि ती, दोघींची युती आहे हो. सासूबाईंचे गुडघे, त्यांना तळमजला हवा. हिला वाय-फाय हवं, आणि ते येतं रिसेप्शनच्या आसपासच. म्हणजे दोघींना खोली एकच हवी! वरच्या मजल्यावरून दरी दिसते म्हणून हे हट्ट करतात, आणि ह्या दोघी एका सुरात म्हणतात, दरी काय, खाली उतरून बघू.

माथेरानला मात्र मला वाटलं होतं, आता रडेल. गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात, पुढं तांबड्या मातीतनं चालायचं नाहीतर घोडाबिडा. आणि माकडं! खिडकी उघडी ठेवली की वेफर्सचं पाकीट गेलंच. पण तिनं तिथं आठ दिले. का? तर गावात मोटारीच नाहीत म्हणून आई-बाबा मला एकटीला बाजारात जाऊ देतात. मी गप्पच झाले. पुण्यात कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जायचं तरी मागनं तिला दोन फोन करते मी.

सगळ्यात जास्त मार्क कुणाला, ओळखा. ताऱ्याबिऱ्यांचं काही नाही. मालवणजवळ एका घरी उतरलो होतो, ते पर्यटन खात्याच्या योजनेतलं निवास आणि न्याहारी असतं ना, तसलं. एसी एकाच खोलीत, पाणी बंबाचं. पण पडवीतली एक छोटी खोली त्या काकूंनी आपणहून हिच्या हातात दिली. म्हणाल्या, तू मोठी झालीस, तुका वायली खोली होयी. वहिनी, पोरीचा चेहरा बघायला हवा होता! सकाळी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, तेही साडेनऊला. हॉटेलात कसं, दहाला बुफे उचलतात म्हणून हे आठपासून दार वाजवत बसतात. सुट्टीवर आलोय का परेडला, हे पोरीचं वाक्य, पण मला पटतं.

नऊ दिले. एक का कापला विचारलं, तर कोंबडा.

आता दिवाळीला गणपतीपुळ्याला जायचं चाललंय. हे पहिल्यांदा म्हणाले, दोन खोल्या घेऊ. मी म्हटलं, एवढे उदार कसे झाले? तर पोरीनं कागदावर हिशेब करून दाखवला होता. मोठ्या खोलीचं भाडं, वर दोन एक्स्ट्रा पर्सनचे पैसे, आणि त्यापेक्षा दोन साध्या खोल्या आठशे रुपयांनी स्वस्त. गणितात पस्तीस मिळवणारी मुलगी हो ही! धाकटा मुलगा आमच्याकडे, सासूबाई तिच्याकडे. फक्त सासूबाईंनी अट घातलीय, पहाटे पाचला मी उठणार, दिवा लावणार आणि स्तोत्रं मोठ्यानंच म्हणणार. पोरीनं अजून सही केलेली नाही. तुमच्याकडे ते कानात घालायचे कापसाचे बोळे होते ना, आहेत का शिल्लक?